चाळीस सेकंदांचे काका

बाबा, काका गेले; मागच्या रविवारी विहारात त्यांचं पुण्यानुमोदन झालं. काका म्हणजे तुमचे तेच मित्र, ज्यांच्यासोबत तुम्ही एका पेटीत दोघांचे कपडे घालून भंडाऱ्याकडून भिलाईला आलात आणि पुढे सगळी नोकरी खुर्सीपारच्या वस्तीतून स्टील प्लांटपर्यंत जोडीने सायकली मारल्यात. तुम्हाला जाऊन आता वीस वर्षं होतील. तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही; होतात तेव्हा एका घरात होतो आणि नंतर तुमचा पत्ता नाही. पण जे झालं ते दुसऱ्या कुणाला सांगायला तोंड नाही. तुम्ही ऐकून रागावलात तरी मला बरं वाटेल.

तुमचं ते भित्तिपत्रक आठवतं? दर पौर्णिमेला विहाराच्या दाराशी फळ्यावर लागायचा तो एकच कागद. महिनाभर क्रेनची ड्युटी सांभाळून तुम्ही घरोघरी विचारत फिरायचात, कुणाची पोरगी मॅट्रिक झाली, कोण रिटायर होतंय, कोण गावाहून आलंय. मग स्वयंपाकघरात पाटावर कागद पसरून बसायचात, आणि पीठ उडायला नको म्हणून आई पोळपाट घेऊन पार दारापर्यंत सरकायची. मी बारा वर्षांची झाले तेव्हा त्या कागदाचा एक कोपरा तुम्ही मला दिलात आणि कागद अडकवायला पत्र्याची एक पाटी, कडा स्वतः घासून गुळगुळीत केलेली. गल्लीतल्या एका म्हातारीबद्दल लिहायचं होतं. मी तिच्याकडे गेलेच नाही. घरी बसून लिहून टाकलं, की लहानपणी तिने फार हाल काढले वगैरे. मला वाटलं, सगळ्या म्हाताऱ्यांनी तेच काढलेले असतात. तुम्ही अख्खा कागद सुवाच्य अक्षरात उतरवून काढलात आणि मग सहज विचारलंत, "तिले इचारलं का तू?" मी नाही म्हटलं. "मंग हे कोनाचं लिवलं, बाई?" आणि तुम्ही तो सबंध कागद फाडला, माझा कोपरा नव्हे, सबंध. त्या पौर्णिमेला फळा रिकामा राहिला. येणारा जाणारा विचारत होता आणि तुम्ही प्रत्येकाला "या महिन्यात नाई जमलं" एवढंच सांगत होतात. माझं नाव तुम्ही घेतलं नाही, हे मला थोबाडीत मारल्यापेक्षा जास्त लागलं.

आता माझाही एक फळा आहे, मोबाइलमधला. सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये बसून मी आपल्या विदर्भातून आलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी व्हिडिओत घेते आणि चॅनलवर टाकते. सुरुवात अगदी तुमच्यासारखी केली. महिन्याला एकच, पाऊण तासाचा, एकेक गाव, एकेक तारीख विचारून घेतलेला. पाहणारे किती, तर घरचे धरून पंधरा-वीस. तुमची नात माझ्याशी मराठी बोलते, तीही अर्धीच. ती म्हणाली, "मम्मी, महीने में एक डालोगी तो कौन याद रखेगा? रोज डालना पडता है." तिचं काही चुकलं नव्हतं. मी रोज टाकू लागले आणि खरंच लोक बघू लागले, नागपूरहून, पुण्याहून कौतुक यायला लागलं. खोटं कशाला बोलू, मी हुरळून गेले. पण रोज म्हटलं की रोज काहीतरी हवं. समोर माणूस बोलत असतो आणि आपण त्यातला तुकडा शोधत असतो.

काकांचा तुकडाही असाच सापडला. गेल्या थंडीत त्यांच्या अंगणात मी दोन तास त्यांचं बोलणं घेतलं. त्यातला चाळीस सेकंदांचा किस्सा दुसऱ्याच दिवशी टाकला. प्लांटातला पहिला दिवस, काका डबा उघडून बसलेत आणि शिफ्टचा भोंगा होतो. "मी डबा टाकून पळालो! मले वाटलं, काई फुटलं!" आणि मग त्यांचं ते खोकत खोकत हसणं. माझा सगळ्यात जास्त पाहिला गेलेला व्हिडिओ तोच. उरलेले दोन तास सावकाश कधीतरी नीट लावू म्हणून ठेवले होते. मग एक दिवस फोन भरला, जागा नाही म्हणून नवीन रेकॉर्डिंग होईना, आणि उद्याचा व्हिडिओ तर हवाच होता. मी सगळ्यात मोठी फाइल पाहिली आणि पुसली. तेव्हा हातही अडखळला नाही.

रविवारी विहारात वंदना होते, मेणबत्त्या लागतात, आणि काकू मला म्हणतात, "त्याहिचा आवाज लाव ना, बाई." मी फोन माईकच्या पेटीला जोडते. काका भोंग्याला घाबरून पळतात, हसतात. लोकही थोडे हसतात. काकू वाट पाहत बसलेल्या, पदर कानामागे घेऊन. पण असले छोटे व्हिडिओ संपले की आपोआप पहिल्यापासून सुरू होतात. काका पुन्हा पळतात, पुन्हा हसतात. तिसऱ्यांदा पळायला लागले तेव्हा कुठे मला तो बंद करता आला. काकू म्हणाल्या, "एवढंच? दोन घंटे बोलत होते ना तुह्यासंगं? आमच्या लग्नाचं सांगून राहिले होते, मी आतून आयकत होती." मी म्हटलं, घरी आहे, आणून देते.

खोटं बोलले. दुसऱ्या दिवशी दुकानात फोन नेला, तर तो पोरगा म्हणाला, "इसके ऊपर रोज का इतना भर दिया है दीदी, नीचे का अब नहीं निकलेगा." तुम्ही असतात तर नुसतं बघितलं असतं. पण मीही भांडले असते बाबा. तुमचं तरी काय राहिलं? पुढच्या पौर्णिमेला जुना कागद उतरवायचात, तो कुणी जपला? सबंध खुर्सीपारमध्ये आज एक तुकडा मिळत नाही, मी शोधून पाहिलंय. जपून जपून केलेलं गेलं आणि भराभर केलेलंही गेलं. मग कसं करायचं होतं, हे मला अजून कळलेलं नाही, आणि आता कळून काकूंना काय उपयोग. उद्याचा व्हिडिओ मात्र आजच लावून ठेवलाय.

हे पत्र त्या पत्र्याच्या पाटीला अडकवून ठेवते. एक सांगायचं राहिलं. त्या दोन तासांत मी काकांना रिकाम्या फळ्याच्या पौर्णिमेबद्दल विचारलं होतं. काका म्हणाले, "तुहा बाप त्या दिवशी माह्याकडं आला होता. तुह्याबद्दलच बोलत होता." मग ते बराच वेळ बोलत राहिले. काय बोलले ते मला माहीत नाही, बाबा. रेकॉर्डिंग चालू आहे, मागाहून ऐकू, असं म्हणून मी तेव्हा ऐकत नव्हते. भोंग्याचा किस्सा कुठून कापायचा, तेच मनात जुळवत होते.