आमच्या चौकातलं धुकं

३ नोव्हेंबर
घुबडं आली. सर्बियातल्या आमच्या किकिंदा गावाच्या मुख्य चौकातली सगळी झाडं भरून गेली. रात्री शेतांत उंदीर मारायचे, दिवसा आमच्या डोक्यावर झोपा काढायच्या. पेन्शनर आणि घुबडं, दोघांचंही ह्या चौकावाचून भागत नाही.
संकल्प: यंदा वाचनालयाच्या हॉलमध्ये माझं फोटोंचं प्रदर्शन. आयुष्य विमा विकण्यात गेलं. आता कला.
शिस्त म्हणून कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर चिकटपट्टी लावून टाकली. खरा फोटोग्राफर काढलेला फोटो लगेच बघत नाही. छापून आल्यावर बघतो.
आयकप किंचित हलतोय. किरकोळ गोष्ट.

५ नोव्हेंबर
आयकप पडला. व्ह्यूफाइंडरला डोळा टेकवतो तिथलं काळं कडं. नेवेंका त्याला ‘ते रबर’ म्हणते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तांत्रिक शब्द तिच्या तोंडी बसले नाहीत.
पाचोळ्यात वाकून शोधत होतो तर झिवोयिन आला. निवृत्त दंतवैद्य. हातभर लांब लेन्स घेऊन हिंडतो. सापडलं बघ, म्हणाला आणि माझ्या तळहातावर घुबडाने ओकलेला गोळा ठेवला. उंदराची हाडं आणि केस. बाकांवरचे सगळे हसले. दंतवैद्यांचा विनोद असाच. समोरच्याचं तोंड उघडं राहिलं की ह्यांचं काम झालं.

७ नोव्हेंबर
गेल्या आठवड्यातले फोटो छापून आले. सगळे हललेले. कारण उघड आहे. आयकप सैल असला की बाजूने उजेड शिरतो, डोळा बिचकतो, हात हलतो. नीट विचार केला तर गेल्या तीन वर्षांतले फोटोही ह्याच कारणाने हलले असणार.
नोव्ही साद शहरातल्या कॅमेऱ्याच्या दुकानात फोन केला. नवा आयकप मागवून देऊ म्हणाले. किंमत ऐकून नको म्हटलं. पैशाचा प्रश्न नाही, तत्त्वाचा आहे.

९ नोव्हेंबर
घरगुती उपाय. व्हिनेगरमध्ये घातलेल्या मिरच्यांच्या बरणीचं रबर काढून दोऱ्याने बांधलं. बसलं छान. मग डोळ्यातून पाणी यायला लागलं ते थांबेना. पण त्या पाण्यातून घुबडं फार काव्यमय दिसली.
नेवेंकाला बरणी उघडी सापडली. म्हणाली, हिवाळ्याची बेगमी आहे ती. आधी माझं रबर परत लाव, मग काय कलावंत व्हायचं ते हो. लावलं.

११ नोव्हेंबर
आयकप सापडला. माझ्याच कोटाच्या टोपीत. म्हणजे हरवला नव्हताच, मी उगाच लोकांसमोर वाकलो.
एका बाजूची खाच तुटलीय. सुपरग्लू आणला. एक थेंब पुरे, असं ट्यूबवर लिहिलंय. मी चार घातले. विम्यात एक गोष्ट शिकलो, कव्हर जास्त असलेलं बरं.
धूळ बसू नये म्हणून ओल्या गोंदासकट कॅमेरा बॅगेत ठेवला आणि चेन घट्ट लावली. असल्या बारीकसारीक काळजीतच माणसाचा दर्जा कळतो.

१२ नोव्हेंबर
आयकप दगडासारखा पक्का. आणि आज नशीबही जोरावर. चौकात दाट धुकं. व्ह्यूफाइंडरमधून बघितलं आणि अंगावर काटा आला. दुधात बुडवल्यासारखी झाडं, मधूनच एखादा कान. दिवसभर फोटो काढले.
झिवोयिन गॉगल लावून आला होता. धुक्यात गॉगल. दिखाऊपणाला काही मर्यादा?

१४ नोव्हेंबर
धुकं कायम. नेवेंका म्हणाली, कसलं धुकं? मी दोन दिवस चादरी बाहेर वाळत घालतेय. तिला समजावलं, हे धुकं फक्त घुबडांच्या उंचीवर असतं. ती चादरींच्या घड्या घालत राहिली.
वाचनालयाच्या मिर्यानाबाईंना भेटलो. प्रदर्शनाचं नाव सांगितलं, ‘धुक्यातली घुबडं’. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा खिडकीबाहेर. चोवीस तारखेला हॉल रिकामा आहे म्हणाल्या. प्रत्येक फोटोखाली लावायच्या पट्ट्याही लिहून दिल्या. ‘धुके, एकांत’. ‘धुके, प्रतीक्षा’.

१६ नोव्हेंबर
नेवेंका सार्मा शिजवत होती, तिचा एक फोटो काढावा म्हटलं. स्वयंपाकघरातही धुकं. वाफ असणार. आंबवलेल्या कोबीची पानं खिमा भरून शिजत असली की वाफ होतेच.
नंतर बाथरूममध्येही होतं. तिथे काही शिजत नव्हतं.

१७ नोव्हेंबर
झिवोयिनने सगळ्यांसमोर सांगितलं, ओब्राद, एकदा डोळे तपासून घे. मत्सर. तरी रात्री झोप लागली नाही. आमच्या वडिलांचे डोळे शेवटी गेले होते. ते खिडकीशी बसायचे आणि बाहेर काय दिसतंय ते आईला विचारायचे. हे नेवेंकाला बोललो नाही.

१८ नोव्हेंबर
बोललो नव्हतो, तरी ती डॉक्टरांकडे बरोबर आली. वाटेत हात धरला. रस्ता निसरडा आहे म्हणाली. रस्ता कोरडा होता.
डोळे ठणठणीत. ह्या वयात असे डोळे कमी बघायला मिळतात, डॉक्टर म्हणाल्या.
म्हणजे धुकं खरं आहे. आता तर वैद्यकीय पुरावाही झाला.

२३ नोव्हेंबर
फोटोंची निवड मिर्यानाबाईंवर सोपवली. मोठे छापून त्या परस्पर हॉलमध्ये लावणार. मी उद्घाटनालाच बघायचं ठरवलंय. शिस्त म्हणजे शिस्त.
भाषण पाठ केलं. विषय: जे दिसत नाही ते दाखवणं.

२४ नोव्हेंबर, संध्याकाळ
लोक चिकार. मी आत शिरलो.
भिंतीवर लख्ख ऊन. प्रत्येक फोटोत निळंभोर आकाश, पान न् पान स्वच्छ. घुबडं मात्र कडेकडेला. एकात कान, एकात शेपटी. एकात नुसतीच फांदी आणि बँकेची पाटी. ‘धुके, प्रतीक्षा’ ह्या पट्टीच्या वर झिवोयिन गॉगल लावून पापुद्र्यांचा बुरेक खातोय. बुरेकमधलं चीज सुद्धा दिसतंय.
लोक फोटो बघत, पट्टी वाचत, पुन्हा फोटो बघत. मग मागे कुणीतरी खोकल्यासारखं केलं आणि सगळा हॉल खोकायला लागला.
मी भाषण केलं. पाठ होतं, दुसरं काय करणार?
झिवोयिनने माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याला डोळा लावला. बराच वेळ बघितलं. मग हळूच, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, “ओब्राद, हे गोंदाचं धुकं आहे. त्याची वाफ कोंडली की डोळा लावायच्या काचेवर पांढरा थर बसतो. आत जे दिसतं ते फोटोत येत नाही.” एवढं बोलून बाजूला झाला. हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.
नेवेंका राकिया दारूचा पेला घेऊन माझ्या शेजारी उभी राहिली. बुरेकवाल्या फोटोकडे बघत म्हणाली, “ऊन मात्र छान पकडलंयस.”

२५ नोव्हेंबर
दोष गोंदाचा. कंपनीला कडक पत्र लिहिणार.
मिर्यानाबाईंना सुचवलं, नाव बदलून ‘धुकं ओसरल्यावर’ करू. त्या म्हणाल्या, हॉल आजपासून बुद्धिबळवाल्यांना दिलाय.

२७ नोव्हेंबर
यश. नगरपालिकेच्या सफाई खात्यातून माणूस आला. प्रदर्शन बघून गेला होता. त्याला एक फोटो हवाय. ‘धुके, एकांत’. घुबड नाही त्यात, झाडाखालचा बाक आहे. जरा पांढरा झालेला. सगळ्या चौकात लावणार म्हणाला. मी लगेच होकार दिला.
खाली माझं नाव घालाल ना, विचारलं. त्याची गरज नाही म्हणाला. खरंच आहे. शैली ओळखू येतेच.

३ डिसेंबर
लागला. झाडाझाडावर. झिवोयिनचा एकही फोटो गावात एवढ्या ठिकाणी नाही. माझ्या बाकाचा फोटो आणि खाली मोठी लाल अक्षरं: ‘वर घुबडं आहेत. इथे थांबू नका.’
पहिल्याच झाडाखाली उभा राहून बघत होतो. ऊन, सावली, बाकाच्या फळ्या, त्यावरचे घुबडांच्या शिटेचे फराटे. सगळं स्वच्छ आलंय. मन भरेना. तेवढ्यात झाडूवाला आला.
“काका, पाटी वाचता येत नाही का?”
मी शांतपणे सांगितलं, हा फोटो मी काढलाय.
“मग तर तुम्हाला कळायला हवं,” तो म्हणाला.
बाजूला व्हायला मला जरा उशीर झाला. कोट नेवेंकाने भिजत घातलाय.