बाजेखालची शेगडी

काष्टी, २ मे २०२४

चि. सौ. ज्ञानेश्वरीस आईचे अ. आ. वि. वि.

फोन लावू नको. माझे कान गेल्यापासून शेजारचा प्रवीण फोन ऐकतो आन् मला ओरडून सांगतो. तुला दूध आलं का न्हाई, ते साऱ्या आळीला कळलं. पत्र टाकत जा.

बाळंतपणाला माहेरी आणलं न्हाई म्हणून फुगू नको. तुझे दादा अंथरुणाला खिळलेत, नवऱ्याचं करू का लेकीचं? घोडेगावच्या बाजाराला जाणाऱ्या टेम्पोत आपली मातीची शेगडी दिली हाय. तुमी तिघं भावंडं तिच्याच शेकावर वाढलात. बाजेखाली पेटती ठेव, दार लाव, पोरीला दुपट्यात घट्ट गुंडाळ. बाळंतिणीला वारं लागलं तर जन्माची कंबर धरती. हे विहीणबाईंना वाचून दाखव. कडूबाईंचा हात आखडता हाय, कोळसा वाचवतील.

छकुलीचा मुका घे.

तुझी आई,
भागिरथी

घोडेगाव, ७ मे

ती. सौ. आईस ज्ञानेश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

शेगडी पोचली. कोळशाचं वाचून सासूबाई आधी रागावल्या, आता ईर्ष्येनं दिवसरात्र पेटती ठेवतात.

आई, आपलं घर मातीचं, भिंती हातभर जाड. भर दुपारी भुई गार असते. माझी खोली नवी, वर पत्रा. ऊन चढलं की पत्रा फुगून तडतडतो. वर तो, खाली शेगडी, मधे आम्ही दोघी. परवा आरोग्य केंद्राच्या आशाताई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, उष्णता तापल्याकडून गाराकडं जाते. खोलीच अंगापेक्षा जास्त तापली तर बाळाच्या अंगातली जाणार कुठं? उलट बाहेरची आत शिरते. शेगडी काढा, दुपटं सोडा, असं बजावून गेल्या. सासूबाईंनी तुझं पत्र पुढं केलं.

कालपासून पोरगी नीट पीत नाही. रडतही नाही. शेगडी काढा, एवढ्या दोन ओळी लिही, तुझं ऐकतील. नाहीतर मला घरी ने. दादांच्या खाटेशेजारी भुईवर झोपेन.

दादांना नमस्कार. उत्तराकडं डोळे लावून आहे.

तुझी,
ज्ञानेश्वरी

काष्टी, ११ मे

चि. सौ. ज्ञानेश्वरीस आईचे अ. आ.

दहावी झालीस म्हणून आईला शिकवू नको. त्या आशाताईलाबी तिच्या आईनं शेगडीवरच शेकलं असंल. रडत न्हाई म्हंजे पोर गुणाची हाय. तू तर गाव डोक्यावर घेत हुतीस. भूक लागली की पिईल. इथं दादांची पाठ चिघळलीय, एकच खोली, तुला कुठं ठेवू? सवा महिना कळ काढ. शेगडी हलवायची न्हाई.

रागावले तरी जीव तुमच्यातच हाय.

आई

काष्टी, १९ मे

ज्ञानू,

आशीर्वाद कोणत्या तोंडानं लिहू.

परवा प्रवीणनं फोन ऐकला आन् ओरडला न्हाई. छकुली गेली हे मला तवाच कळलं. दवाखान्यात नेलं तवा अंग भट्टीवानी हुतं, हे त्यानं मग खडूनं दारावर लिहून दाखवलं. ती अक्षरं अजून पुसली न्हाईत.

आज भाकरी थापत हुते. तव्यावरून उतरवून दुरडीत टाकली की निवती. तव्यावरच ठेवून वरून झाकली तर करपती. रोज करते. तुझी आशाताई दुसरं काय सांगत हुती?

दादांची खाट ओसरीत काढली. खोली सारवली, माठ भरला, दार सताड उघडं ठेवलंय. भुईला हात लावून बघितला, गार हाय. खाट बाहेर काढताना दादा काहीतरी बोलले. ऐकू आलं न्हाई, पण ओठांवर दिसलं. आधीच काढली असती तर, असं म्हणत हुते. मी दिसलं न्हाई असं केलं.

टेम्पो बाजार करून माघारी येतो, त्यात बस. शेगडी आणू नको.

शेवटी लोभ असू द्या असं लिहायची रीत हाय. मी मागत न्हाई. नुसती ये.

आई