गच्चीवरचे तीन ड्रम

अप्पा, तुम्ही जाऊन सोळा वर्षं झाली आणि तुम्हाला अजिबात आवडलं नसतं असं बरंच काही मी तुमच्याच घरात करते आहे. गच्चीवर ओल्या कचऱ्याच्या खताचे तीन ड्रम ठेवलेत. वॉशिंग मशीनचं शेवटचं पाणी बादलीत धरते आणि त्यानेच फरशी पुसते. भाजीला जाताना जुन्या पँटची शिवलेली पिशवी नेते. हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिते आहे, माफी मागायला नाही.

मी चौथीत होते. मेची सुट्टी नांदगावला आत्याकडे काढून नुकतीच परतले होते. तिकडे टँकरची वाट बघावी लागायची, म्हणून आत्या आम्हाला मोठ्या घमेल्यात उभं करून आंघोळ घालायची आणि खाली साठलेलं पाणी कढीपत्त्याला ओतायची. मला ते फार आवडलं होतं. इंदिरानगरच्या आपल्या नव्या फ्लॅटमध्ये मीही तशीच आंघोळ केली आणि घमेलं दोन्ही हातांनी सावरत बाल्कनीतल्या जास्वंदीकडे निघाले. तेवढ्यात तुम्ही अंबडहून रात्रपाळी करून येता. अंगात कंपनीचा निळा शर्ट, हातांना ऑइलचा वास. "काय आहे हे?" मी सांगते, आत्याने शिकवलं. तुम्ही घमेलं माझ्या हातातून काढून घेता, मोरीत उपडं करता आणि नळ पूर्ण सोडता. "बघ, कसं पडतंय पानी. याच्यासाठी गाव सोडलं मी. माझ्या पोरीनं हे करायचं नाय." एरवी सोसायटीत तुम्ही जपून, शुद्ध बोलायचात. त्या दिवशी गावची भाषा जिभेवर आली होती. आई ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. नळ बराच वेळ वाहत राहिला.

तुम्ही लहानपणी किती लांबून पाणी आणलंत, ठिगळाची पिशवी घेऊन शाळेत गेलात तेव्हा मुलं काय म्हणाली, हे मला नंतर आत्याकडून कळलं. तुमची लाज मला समजते, अप्पा. पण ती मी पुढे चालवणार नाही. तुम्ही नाइलाजाने जे केलंत ते मी ठरवून करते, आणि तुम्ही समोर असतात तरी केलं असतं. घमेलं या वेळी सोडलं नसतं.

मागच्या महिन्यात ड्रमवरून सोसायटीची मीटिंग झाली. चेअरमन म्हणाले, "मॅडम, चांगल्या नोकरीला आहात, कशाला हा उकिरडा? पाहुणे काय म्हणतील? वास येतो." मी म्हटलं, "चला वर, कुठे येतो ते दाखवा." सात-आठ जण आले. मी झाकण काढलं, हात घालून मूठभर खत काढलं आणि चेअरमनच्या नाकापुढे धरलं. ते मागे सरकले, मग वास घेतला, आणि म्हणाले, "आज नाही येत." "रोजच येत नाही," मी म्हटलं. "ड्रम मी हलवणार नाही. हलवायचे तर तुम्ही हलवा, मी परत आणून ठेवीन." कुणीतरी चिडून विचारलं, "हे डोक्यात भरवलं कुणी तुमच्या?"

मी म्हणाले, "माझ्या वडिलांनी."

ही सोसायटी उभी राहिली तेव्हा पाण्याच्या टाकीसाठी तुम्ही किती खेटे घातलेत, हे जुन्या लोकांना आठवतं. तिसऱ्या मजल्यावरचे काका, तुमच्याच कंपनीतले, मान हलवत म्हणाले, "खरंय. पाणी फार जपून वापरणारा माणूस होता." तुम्ही दाढी करताना नळ चालू ठेवायचात, हे त्यांना काय माहीत. ड्रम राहिले. आता आणखी दोन घरं आपला ओला कचरा वर आणून टाकतात.

मी धडधडीत खोटं बोलले, आणि ते दुरुस्त करणार नाही. तुम्ही असतात तर सगळ्यांसमोर मला खोटं पाडलं असतंत. घरी माझ्या मुलीला मी सांगितलं की वाद मिटवायला तसं बोलावं लागलं. हे पत्र ती वाचणार नाही, कुणीच वाचणार नाही, म्हणून इथे लिहिते: वाद एवढंच कारण नव्हतं. ते वाक्य म्हणताना मला फार बरं वाटलं होतं.