उलटी ठेवलेली सायकल

मंगळवार, ११

सुनेची डोंगरावरची सायकल हातावेगळी केली एकदाची. काम तसं चिल्लर — धक्के झेलणाऱ्या मागच्या शॉकचा बोल्ट हलवायचा. तिच्या फ्रेमला त्यासाठी दोन होल आहेत, एकाखाली एक. बोल्ट वरच्यात असला की मागचं चाक कमी वरखाली होतं, खालच्यात असला की जास्त. या खेपेला टायर जाड टाकलाय, म्हणून कमी हवं. ती दारातूनच म्हणाली, "आई, वरच्या होलात. नीट बघून हं."

नीट बघून! सव्वीस वर्षं पाने फिरवतेय मी या सायकलच्या दुकानात! डोक्यात तिडीक गेली. रविवारचं भांडण अजून ताजंच होतं. मी म्हणाले होते, पस्तिशी आली, आता उतारावरून उड्या मारणं पुरे कर. तर म्हणाली, तुम्ही साठीला टेकलात, तुम्ही कुठे दुकान पुरे करताय? आमचे चिरंजीव समोर बसले होते. अशा वेळी त्यांना हमखास महत्त्वाचा फोन येतो.

बाहेर तिच्या सायकल-संघाची गाडी हॉर्न वाजवत होती. गुरुवार, शुक्रवार सराव, शनिवारी शर्यत. सायकल टपावर चढली. तिनं हात हलवला, मी मान हलवली. एवढंच.

बुधवार, १२

गिऱ्हाईक नर्सबाई त्यांची सायकल घेऊन आल्या होत्या. लाल दिवा सीटखालच्या दांड्यावर, अगदी वरच्या बाजूला लावा म्हणाल्या. लावला. सायकल सरळ केली तर दिवा तळाला! स्टँड मोडल्यापासून मी सगळ्या सायकली सीट-हँडलवर उलट्या ठेवूनच काम करते, तेव्हा वरचं ते खालचं होणारच. बाई हसल्या, मीही हसले. आणि हसता हसता आठवलं.

काल सुनेचीही उलटीच होती.

"वरचं" होल मी बघितलं ते उलट्या सायकलचं वरचं! म्हणजे सरळ केल्यावर — खालचं. कमीऐवजी जास्त करून ठेवलं मी मेलीनं. आणि त्यात तो जाड टायर. मोठ्या उडीनंतर चाक पूर्ण वर आलं की टायर सीटखालच्या दांड्याला भिडणार. भिडला की चाक जाम. उतारावर, त्या वेगात.

बोल्ट हलवला की तपासायचं असतं. शॉकमधली हवा सोडायची, सीटवर भार टाकून चाक पार वर दाबायचं, आणि टायर नि दांडा यांच्यात बोट जातंय का बघायचं. पाच मिनिटं लागतात. हे तिला मीच शिकवलंय. काल केलं नाही. रागात होते ना!

नर्सबाई गेल्यावर फोन हातात घेतला. काय सांगणार? नीट बघितलं नाही म्हणून? तिनं तेच तर सांगितलं होतं. म्हटलं, सराव उद्यापासून आहे, संध्याकाळी शांतपणे बोलू.

संध्याकाळी — फोन लागत नाही. वर डोंगरात रेंज नाही. सात वेळा लावला.

गुरुवार, १३

दुकान उघडलं आणि नुसती बसून राहिले. कोणीतरी ब्रेकची वायर मागितली, मी चेन काढून दिली.

डोळ्यांसमोर एकच दिसतं — ती हवेत आहे आणि चाक खाली टेकतंय. त्याच्या पुढचं बघवत नाही.

आणि लोक काय म्हणतील? सासूनंच केलं म्हणतील. दोन दिवस आधी भांडण, मग सायकल हिच्याच हातात! म्हणू देत लोकांना. पण खरं सांगू? मलाच माझी खात्री वाटेना. तिनं हे सोडावं असं मला वाटत होतं की नाही? होतं. एकदा चांगली आपटली म्हणजे कळेल, असंही मनात आलं होतं — रविवारी, भांडी घासताना. इथे लिहिलं. दुसरीकडे कुठे बोलण्याची हिंमत नाही. देवा, मनात येणं वेगळं आणि हातानं करणं वेगळं ना? मी होलच चुकले. नुसती चुकले.

जेवताना मुलाला विचारलं, तिचा काही निरोप? म्हणाला, तिथे रेंज नसते, तू कधीपासून एवढी काळजी करायला लागलीस! मी सांगणार होते. तोंडही उघडलं होतं. मग पाणी प्यायले.

शर्यतीच्या आयोजकांच्या ऑफिसचा नंबर फ्रिजवर चिकटवलेला आहे. तिनंच लावलाय, अडीअडचणीला म्हणून. कालपासून त्याच्यासमोरून दहा वेळा गेले. लावला नाही. लावला असता तर आज सराव सुरू व्हायच्या आत निरोप पोचला असता. लाज वाटली मला. जिवापेक्षा लाज मोठी! थू आहे.

शुक्रवार, १४

सकाळी आठ वाजता ऑफिसला लावला. दोनदा चुकीच्या घरी लागला. मग लागला. ऑफिसातली बाई सावकाश लिहून घेत होती, एकेक शब्द परत विचारत. निरोप एवढाच: तिच्या सायकलच्या मागच्या शॉकचा बोल्ट तपासा, तोवर सायकल चालवू नका. कोण बोलतंय, तिनं विचारलं. म्हटलं, दुकानातून.

"तपासा" म्हणाले मी. "माझं चुकलंय" नाही म्हणाले. अजूनही!

बाई म्हणाली, सराव सातलाच सुरू झालाय, कोणी खाली आलं की देते निरोप.

दुपार. काही नाही.

चार वाजले. काही नाही. परत लावला तर कोणी उचलत नाही.

शनिवार, १५

संघाच्या मेकॅनिकचा फोन आला. निरोप पोचायच्या आधीच, काल सकाळी पहिल्याच मोठ्या उडीवर तिचं मागचं चाक जाम झालं. खांदा मोडलाय, डोकं शाबूत आहे, बोलतेय. तो चांगलाच तापलेला होता. बोल्ट कोणी लावला विचारलं तर म्हणते, मीच, घाईत, सायकल उलटी ठेवून. अशा निष्काळजी माणसाला संघात ठेवता येत नाही म्हणाला. आज सकाळीच काढलंय तिला.

मी म्हणाले, "अहो, बोल्ट तिनं नाही, मी लावला. चूक माझी आहे."

तो आवाज खाली आणून म्हणाला, "बाई, तुम्ही असंच म्हणाल, हे तिनं कालच सांगून ठेवलंय. म्हणाली, ऐकू नका, आमच्या आई मला वाचवायला काहीही सांगतील."