सायलीची सुट्टी

प्रिय सामंत बाई,

तुम्ही गेल्यापासून कितीदा तरी तुम्हाला लिहायला बसले आणि दरवेळी रडू आलं म्हणून उठले. आज रडू येत नाहीये, राग आलाय. म्हणून लिहितेय.

लेप्टोच्या तापाची साथ पुन्हा आलीय. भाताच्या लावणीला लोक चिखलात उतरले की ताप घेऊन घरी येतात, तुम्हाला काय सांगायचं! वॉर्डातल्या खाटा भरल्या, आता व्हरांड्यात गाद्या टाकल्यात. आज सकाळी डॉक्टरांनी मला, म्हणजे तुमच्या जागेवर बसलेल्या इन्चार्जला, बोलावून सांगितलं की साथ ओसरेपर्यंत सगळ्या नर्सेसच्या साप्ताहिक सुट्ट्या बंद. वर म्हणाले, "सामंत सिस्टर असत्या तर सांगावंही लागलं नसतं."

बाई, तुमचं नाव असं वापरतात हो! शोकसभेतही तेच. त्यागमूर्ती काय, सेवेची देवी काय. फोटोला हार घातला, दोन मिनिटं उभे राहिले. तुमच्या जागी मला बसवलं आणि माझ्या जागी अजून कुणीच आलेलं नाही.

त्यांना तुमची पेज कुठे ठाऊक आहे? कोरोनात त्या प्लास्टिकच्या पोशाखात आम्ही घामाने निथळायचो, तेव्हा तुम्ही घरून उकड्या तांदळाच्या पेजेचा टोप आणायचात. सोबत लोणचं, नाहीतर भाजलेला सुका बांगडा. कितीही धावपळ असो, दोघी-दोघींना आळीपाळीने बाहेर काढून बसवायचात. मी एकदा म्हटलं, आधी सलाईन लावते, तर माझ्या हातातला ट्रेच काढून घेतलात. "उपाशी पोटान सुई हातात घेवची नाय गो. चूक तुझी होतली, जीव दुसऱ्याचो जातलो."

आणि जिच्या हातात पेशंट गेला, तिला लगेच दुसऱ्या खाटेकडे जाऊ द्यायचा नाहीत. मागच्या विहिरीवर तोंड धुवायला पाठवायचात, सोबतीला कुणीतरी देऊन. रडायचं तर तिथे रड, मग ये, म्हणायचात. ही नुसती माया नव्हती, शिस्त होती. म्हणून तर त्या वर्षी आपल्यातली एकही नोकरी सोडून गेली नाही.

पण तुमचं काय? तुम्ही कधी जेवलात? विचारलं की ठरलेलं उत्तर, "मी मागसून घेतंय." टोप तर आम्ही खरवडून ठेवलेला असायचा! छातीत दुखतंय हेही कुणाला सांगितलं नाहीत. डबल ड्युटी करून कपडे बदलायच्या खोलीत कोसळलात. आम्हाला माणसासारखं वागवलंत, मग स्वतःलाच का नाही? हा राग मी अजून धरून आहे. धरणारच.

परवा सायलीच्या हातात एक तरुण शेतकरी गेला. सायली आचऱ्याची, नवीन आहे, पण कामाला चोख. नातेवाईक तिच्यावरच धावून आले. काल ती एकाचं इंजेक्शन दुसऱ्याला देणार होती, मी थांबवलं. आज तिची सुट्टी होती. आणि म्हणे सुट्ट्या बंद!

मी म्हटलं, सायली घरी जाईल. डॉक्टर म्हणाले, वॉर्ड कोण सांभाळणार? बिचारे तेही धड झोपलेले नव्हते. मी सांगितलं, आम्ही सगळ्यांनी बसून पाळ्या लावल्यात, एका वेळी एकच जाईल, पण जाईल. तेव्हा पुन्हा तुमचं नाव निघालं. बाई, मी आवाज चढवला नाही, पण बोलले.

"सर, त्या असत्या तर आल्या असत्या. म्हणूनच आज त्या नाहीत."

त्यांनी पाळ्यांचा कागद मागून घेतला, वाचला. मग म्हणाले, काही झालं तर जबाबदारी तुमची. माझीच, म्हटलं. सायली दुपारच्या एसटीने गेली. निघताना मला म्हणाली, "ताई, माका वाटलेला परत येवचाच नाय. आता येतंय."

आता माझा शब्द ऐका. या वॉर्डात कुणाची सुट्टी मी मारू देणार नाही, माझी स्वतःचीसुद्धा. गुरुवारी मी तोंडवलीला माहेरी जाणार, फोन बंद करून झोपणार. लोक म्हणतील, सामंत बाई अशा नव्हत्या. म्हणू देत! तुम्ही शिकवलीत तशीच नर्स होईन, बाई. तुमच्यासारखी मरणार नाही.

तुमचीच हट्टी,
मेघना