डबा मोठा करावा, काही पुसू नये

मी, किसनराव तुळशीराम मोहोड, वय ७४, धंदा पूर्वी लग्नाचे व्हिडिओ शूटिंग, सध्या काही नाही, राहणार कठोरा नाका, अमरावती, पूर्ण शुद्धीवर असताना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. शुद्धीवर असल्याचे डॉक्टरांचे सर्टिफिकेट सोबत जोडले आहे. डॉक्टरांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला, आणि त्यांच्या लग्नात बँडवाल्यांनी कोणते गाणे वाजवल्यावर त्यांचे वडील वरातीतून निघून गेले तेही सांगितले. त्यांनी लगेच सही केली.

माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणायला घरात दुसरे कोणी राहतच नाही. पत्नी मैनाबाई २००२ साली वारली. मुलगी दामिनी अकोल्याला असते, मुलगा नितेश पुण्याला. दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. राखी दरवर्षी कुरिअरने जाते, आत चिठ्ठी नसते. दामिनी मला फोनवर विचारते, "तुमचा पोरगा काय म्हन्ते?" आणि नितेश विचारतो, "अकोल्यावाली बरी आहे न?" मी दोघांना सांगतो, तुम्हीच विचारा. मग दोघेही फोन ठेवतात.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. ते रागात केले होते, ते रद्द समजावे.

कलम १. कठोरा नाक्याचे घर स्वकष्टार्जित आहे. ते नितेश आणि दामिनीला समान. वरचा मजला कोणाचा यावर भांडायचे असेल तर सांगून ठेवतो, वरचा मजला नाहीच. तो बांधणार होतो, त्याऐवजी कॅमेरा घेतला. मात्र कलम ३ मधले काम दोघांनी मिळून पुरे केल्याशिवाय हे घर विकता किंवा वाटता येणार नाही. माझ्या वकील इशिता पांढरीपांडे म्हणतात, अशी अट कोर्टात टिकेलच असे नाही. न टिको. कोर्टात गेले तरी दोघांना एका बाकावर बसावे लागेल, माझे काम तिथेही होते.

कलम २. देवघराच्या कोनाड्यात एक काळा डबा आहे. आकाराने दोन विटांएवढा, पुढे हिरवे दिवे, मागे पंखा, पोटात दोन हार्ड डिस्क. नितेश त्याला 'नॅस' म्हणतो. शेजारच्या मायाबाई 'तो देव' म्हणतात. मी डबा म्हणतो. वकीलबाईंना प्रश्न पडला, की हा स्थावर धरायचा की जंगम. डबा जागचा हलत नाही आणि कोणी हलवूही नये, पण कायद्याने तो जंगम निघाला. देव मात्र मी हलवले. देवघरात हवा खेळती, प्लग जवळ, आणि चपला घालून कोणी येत नाही, म्हणून डबा तिथे बसवला आणि देवांना स्वयंपाकघरात नेले. देवांची तक्रार अद्याप आलेली नाही.

मायाबाईंची आली होती. मग त्यांनी दसऱ्याला यंत्र म्हणून डब्याची पूजा केली. हळदकुंकू जाळीतून आत गेले, आपट्याचे पान पंख्यात अडकले, आणि डबा कडबाकुट्टीसारखा वाजू लागला. मी पेचकस घेऊन बसलो तेव्हा मायाबाई म्हणाल्या, "पावला वाटते." माझ्या पश्चात डब्याची पूजा करायची झाल्यास लांबून हात जोडावे. नारळ फोडू नये.

या डब्यात आमच्या 'मैना व्हिडिओ'ने काढलेली सगळी लग्ने आहेत. अमरावती, वरूड, अंजनगाव, चांदूर रेल्वे, जिथे मांडव पडला तिथे आम्ही गेलो. कॅसेटींना बुरशी लागू लागली म्हणून रिटायर झाल्यावर मी एकेक लग्न डब्यात उतरवले. दोन्ही डिस्कवर तेच ते असते. जे एकीवर लिहिले जाते तेच त्याच वेळी दुसरीवर, म्हणजे एक बंद पडली तरी दुसरी घर चालवते. आमच्या घरात तशीच एक बंद पडली, दुसरी चालू आहे, थोडी घरघरते.

आता डबा गच्च भरला आहे. काही कॅसेटी अजून उतरवायच्या आहेत आणि जागा नाही. नितेश म्हणतो, "बाबा, लोकायची लग्नं उडवा न. आपलं घरचं तेवढं ठेवा." दामिनी म्हणते, "कोनाकोनाच्या वराती सांभाळून राहिले तुमी? पुसून टाका सारं." इतक्या वर्षांत दोघांचे एकमत झाले ते यावर. नितेशने दुसरा उपायही सुचवला, की सगळे क्लाऊडवर टाका. वऱ्हाडात ढगांवर भरवसा ठेवायला सांगतो, तो पुण्यातच शोभतो.

तर माझी इच्छा अशी. या डब्यातले एकही लग्न पुसायचे नाही. ज्यांचे पुढे मोडले त्यांचेही नाही. डबा मोठा करायचा. का, ते कलम ६ मध्ये लिहिले आहे. नितेशला पुस्तकाचे शेवटचे पान आधी वाचायची खोड आहे, त्याने ती इथे आवरावी.

कलम ३. काम असे. बँकेत जे असेल त्यातून आधी दुप्पट-तिप्पट मोठ्या दोन डिस्क घ्याव्या. उरेल ते निम्मे-निम्मे. डिस्क घेताना दुकानदाराने "हीच चालून जाते" म्हटले तर दुसऱ्या दुकानात जावे. डब्याला चोवीस तास चालणारी डिस्क लागते.

मग दोघांनी या घरी यावे. तेराव्याला यायचेच आहे, तेव्हाच उरकावे. तेरवीच्या बुंदीपेक्षा हे महत्त्वाचे आहे. आधी एकच जुनी डिस्क काढायची आणि तिथे नवी बसवायची. डबा ओरडेल. बाजूचे बटण दाबून त्याला गप्प करावे, घाबरू नये. मग तो उरलेल्या जुन्या डिस्कवरून सगळे नव्या डिस्कवर उतरवू लागतो. याला दिवसभर लागतो, जास्तही लागेल. तोवर दुसरीला हात लावायचा नाही. लावला तर सगळे गेले. दिवा हिरवा स्थिर झाला की दुसरी जुनी काढायची, दुसरी नवी बसवायची आणि पुन्हा तेवढेच थांबायचे. शेवटी जागा वाढवण्याचा हुकूम द्यायचा, तो नितेशला कळतो.

पासवर्ड मी अर्धा नितेशला सांगितला आहे, अर्धा दामिनीला. एकमेकांना सांगितल्याशिवाय डबा उघडत नाही. इशाऱ्याने चालणार नाही, त्यात मोठी-लहान अक्षरे आहेत. लाईन गेली तर इन्व्हर्टर आहे, पण त्याच्यावर कूलर लावू नये.

सून प्राजक्ता आणि जावई अमोलराव यांनी त्या दोन-तीन दिवसांत घरी थांबू नये. दोघे समजूतदार आहेत, म्हणूनच थांबू नये. समजूतदार माणसे मधे पडली की भांडण अर्धवट राहते, आणि अर्धवट भांडण फार टिकते.

काम झाल्यावर जुन्या दोन डिस्क उरतील. मागे अमोलराव मला म्हणाले होते, "मामा, दोन डिस्क, दोन लेकरं, एकेक वाटून टाका, मिटला विषय." त्यांना वाटले, अर्धे-अर्धे होईल. पण प्रत्येक डिस्कवर सगळेच आहे. तेव्हा एक जुनी डिस्क नितेशला, एक दामिनीला. दोघांनाही अख्खे मिळते. जावयांचे आयुष्यातले हे एक वाक्य बरोबर निघाले, तेही चुकून, आणि त्यांचा मान राखून मी ते इथे नोंदवतो.

कलम ४. धंद्याची हत्यारे. नवरीला गुलाबातून बाहेर काढणारे व्हिडिओ मिक्सर नितेशला. वरूडच्या एका नवरदेवाचे डोके मी त्याच मिक्सरवर चंद्राला चिकटवले होते. आता तो बाजार समितीत बसतो आणि मला ओळख दाखवत नाही. हॅलोजनची लाईट दामिनीला. ती मैनाने सोळा वर्षे धरली, हाताला ओला दुपट्टा गुंडाळून. दुकानाची पाटी कोणी मागेल त्याला द्यावी. पेंटरने तिच्यावर मैना म्हणून हिरवा पोपट काढला आहे.

कलम ५. माझे मित्र शेषराव इंगोले यांना काही नाही. साक्षीदाराला काही देता येत नाही असा कायदा आहे, म्हणूनच त्यांना साक्षीदार केले. ते आज भजनी मंडळाचे अध्यक्ष आहेत. पण अंजनगावच्या एका वरातीत ते तोंडात रुमाल धरून नागीण नाचले, आणि शेवटी घोड्याच्या पायाशी आडवे झाले. ते गेली दहा वर्षे मला ते पुसायला सांगून राहिले आहेत. दर हिवाळ्यात संत्र्यांची पेटी पाठवतात. संत्री मी खातो, पुसत नाही. साक्षीदाराला मजकूर वाचायची गरज नसते असे वकीलबाईंनी सांगितले, म्हणून हे मोकळेपणाने लिहिले.

कलम ६. आता का पुसायचे नाही ते.

लेकरांनो, तुमची आई एकाही कॅसेटमध्ये नाही. ती नेहमी लाईट धरून माझ्या बाजूला. कॅमेरा तिच्याकडे फिरवला की ती लाईटच बंद करायची. वऱ्हाडी अंधारात, मी शिव्या देतो आहे आणि ही हसते आहे. ती कॅमेऱ्यासमोर एकदाच आली, दामिनीच्या लग्नात, नवरीची माय म्हणून. त्या दिवशी मी नवरीचा बाप होतो, शूटिंग नितेशकडे. वर पुन्हा काही रेकॉर्ड होऊ नये म्हणून कॅसेटीच्या मागची टिकली मोडायची असते, ती त्याने मोडली नाही, आणि पुढच्या आठवड्यात तीच कॅसेट मित्राकडच्या बारशाला घातली. आज ती लावली की हळद लावणारे चार हात दिसतात आणि एकदम परक्याचा पाळणा हलू लागतो. वर्षभरात मैना गेली. दामिनी त्याला काय बोलली ते मी ऐकले आहे. तुमचे बोलणे तेव्हा तुटले.

पण डब्यात लग्ने उतरवताना मला जे सापडले ते मी तुम्हाला सांगितलेले नाही. ती दिसत नाही, ऐकू येते. कॅमेऱ्याच्या माईकपासून हातभर अंतरावर ती उभी असायची. लोकांच्या लग्नांत सगळीकडे तिचा आवाज आहे. "बाजूले सरका वो, नवरीवर उजेड नाई पडून राहिला." "काका, घास गिळा अगुदर, मंग हासा." चांदूर रेल्वेच्या एका पाठवणीत उजेड सारखा थरथरतो. लाईट हलवली म्हणून मी तेव्हा तिच्यावर चिडलो होतो. आता नीट ऐकले तर ती नवरीच्या आईला म्हणते आहे, "रडू नका वं माय, मले रडू येते अन् लाईट हालते." शेषरावांच्या नागिणीच्या मागे जी बाई हसून हसून खोकते, तीही तीच.

मी रोज दुपारी एक लग्न लावतो. कूलरच्या आवाजात ती ऐकू येत नाही, म्हणून बंद करतो. मे महिन्यात हे करू नका असे डॉक्टर म्हणतात. सगळी लग्ने अजून ऐकून झाली नाहीत, आणि या वयात होणारही नाहीत. कोणत्या लग्नात ती काय बोलून गेली आहे हे मला माहीत नाही, म्हणून एकही पुसायचे नाही. तिची वाक्ये कापून एकापुढे एक जोडण्याचा शहाणपणाही नितेशने करू नये. मी जन्मभर कापाकापी केली. मला ती मांडवातच पाहिजे, गर्दीत, वांग्याच्या भाजीच्या बादल्या वाजत असताना.

हे आधी सांगितले असते तर तुम्ही दोघे रडला असता, एक अकोल्याला आणि एक पुण्याला. त्याचा मला काही उपयोग नव्हता.

कलम ७. पहिली नवी डिस्क भरत असताना डबा चालू असतो, थोडा हळू चालतो एवढेच. त्या वेळी दोघांनी शेजारी बसून वरूडचे, भुयार आडनावाच्या घरचे लग्न लावावे. पंगत संपल्यावर मी कॅमेरा बाकावर ठेवून चहा प्यायला बसलो आणि बंद करायला विसरलो. चित्रात मांडवाची कनात आहे आणि तुमच्या आईचे पाय. एका चपलेच्या पट्ट्याला सेफ्टी पिन आहे. ती मला म्हणते:

"अवो, आपल्या दामिनीच्या लग्नात मी लाईट नाई धरत हं. मी पुढं बसीन. शूटिंग आपला नितेश करीन."

मी म्हणतो, "त्याले काय येते? सारं बिघडवून ठेवीन तो."

ती म्हणते, "बिघडवू द्या न. पोरगी पुढं उभी, पोरगा कॅमेऱ्यामांगं. दोघंबी एकाच वक्ताले माह्या डोळ्यापुढं. मले आखीन काय पाह्यचं?"

पुढे कॅसेट संपते. तोवर दिवा हिरवा झालेला नसेल. बसून राहावे.

वरील मजकूर मी सांगितला, वकीलबाईंनी टाईप केला, त्यांना जिथे खोडावेसे वाटले तिथे मी खोडू दिले नाही. पुन्हा वाचून, समजून, कूलर बंद असताना सही करत आहे.

ठिकाण: अमरावती
दिनांक: ७ मे २०२५

(सही) किसनराव तुळशीराम मोहोड

आम्हा दोघांसमोर किसनरावांनी सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही केली.

साक्षीदार १: (सही) माया गजाननराव ढोले, शेजारी

साक्षीदार २: (सही) शेषराव इंगोले. गरज नव्हती तरी मजकूर वाचला. नागीण राहू द्या.