लॅपटॉपची शाल

रत्नागिरी, शनिवार संध्याकाळ

जळतोय मी, दुसरं काय! मंगेश माझाच जुना विद्यार्थी. शाळेत त्याला धड वर्तुळ जमत नव्हतं. आज त्याच्या कॉम्प्युटरने काढलेल्या चित्रांचं प्रदर्शन होतं. पुण्याहून आलेले समीक्षक एका तांबड्या डागापुढे डोळे मिटून उभे राहिले आणि म्हणाले, "या डागात माणसाच्या नसण्याचा हंबरडा आहे." मला तर तिथे कोकमाच्या आगळाची बाटली उपडी झालेली दिसत होती. टाळ्या मात्र कडकडून. मीही वाजवल्या.

मग सत्कार. मंगेश म्हणाला, "कलाकार मी नव्हे, हा." झालं! कलामंडळाने लॅपटॉपलाच हळदकुंकू लावलं, पुढे नारळ ठेवला, आणि शाल घालायला बोलावलं कोणाला? मला! जन्मभर चित्रकला शिकवली, मला कधी कोणी साधा नारळ तरी दिला?

घातली. काय मऊ होती!

निघताना मंगेश मागून धावत आला. "सर, ही शाल तुम्हीच न्या. लॅपटॉप तापतो हिच्यात."

नको म्हणायला हवं होतं ना?

लाईट गेलीय, घामाने भिजलोय, पण शाल काही अंगावरून काढवत नाही.